नवा फोन आला, घरातल्या जुन्या पिनांचं काय? चार्जर, केबल, कव्हर आणि काचेबद्दल पुणेकरांचे नेहमीचे प्रश्न

वर्षाच्या सुरुवातीला सॅमसंगचा मोठा फोन येतो, गणपतीच्या आगेमागे आयफोन येतो आणि मध्ये इतरांचे येतच असतात. नवा फोन हातात पडला की लोक त्याच्या कॅमेऱ्याबद्दल फारसं विचारत नाहीत. घरात पडलेलं काय आता चालणार नाही, हेच विचारतात. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात केली आहे, अडनिडे शेवटी घेतले आहेत.

१. बॉक्समध्ये चार्जरच नाही. दुकानदारानं काढून घेतला का?

बहुतेक वेळा नाही. ॲपलनं ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ पासून चार्जर आणि इअरफोन देणं बंद केलं. सॅमसंगनं जानेवारी २०२१ मध्ये एस२१ मालिकेपासून तेच केलं. या बॉक्समध्ये फोन, केबल, सिम काढायची पिन आणि कागद एवढंच असतं. काही चिनी कंपन्या मात्र बऱ्याच मॉडेलांसोबत अजून चार्जर देतात, त्यामुळे शेजाऱ्याला मिळाला म्हणून तुम्हालाही मिळेलच असं नाही. बॉक्सवर आतल्या वस्तूंची यादी छापलेली असते. पैसे देण्याआधी ती वाचा आणि सील तुमच्यासमोरच उघडायला सांगा. यादीत चार्जर असून आत नसेल तर तिथेच विचारा, घरी येऊन नको.

२. आयफोनच्या जुन्या पिनच्या चार-पाच केबल घरात आहेत. नव्याला चालतील?

केबल चालणार नाहीत, ठोकळा (भिंतीत लावायचा चार्जर) बहुधा चालेल. लाइटनिंग नावाची ती बारीक पिन २०१२ मध्ये आयफोन ५ सोबत आली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ पासून तिच्या जागी सी टाइप आली. युरोपीय संघानं २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना सी टाइप सक्तीची केली, ते यामागचं मोठं कारण.

आता ठोकळ्याचं. त्याला सी टाइपचं अंडाकृती भोक असेल (ॲपलचा २० वॅटचा असाच आहे) तर नव्या फोनसोबत आलेली केबल थेट लागते. चौकोनी, जुन्या पद्धतीचं भोक असेल तर 'ए-टू-सी' केबल घ्या. पण तो जुना पांढरा ५ वॅटचा इवलासा ठोकळा असेल तर रात्री लावून सकाळी काढण्यापुरताच उपयोगी. लाइटनिंगचं सी टाइप करणारं छोटं कन्व्हर्टरही मिळतं, ते गाडीत ठेवायला ठीक. सगळ्या केबल मात्र टाकू नका. जुन्या एअरपॉड्सची डबी किंवा ॲपलचा जुना कीबोर्ड असेल तर त्यांना तीच पिन लागते.

३. सी टाइप सगळीकडे सारखं म्हणतात. मग माझा ८० वॅटचा चार्जर नव्या फोनला इतका हळू का भरतो?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त पैसे याच गैरसमजात वाया जातात. सी टाइप हा पिनचा आकार आहे. चार्जर आणि फोन आपसात कुठल्या भाषेत बोलतात ते वेगळंच. पिन लावल्याबरोबर चार्जर आपण काय काय देऊ शकतो ते सांगतो आणि फोन त्यातून निवडतो. दोघांची भाषा जुळली नाही तर सगळ्यांना येणाऱ्या साध्या ५ व्होल्टवर तडजोड होते. मग चार्जरवर ८० लिहिलेलं असो की १२०, फोनला दहा-पंधरा वॅटच मिळतात.

भाषा मुख्यतः तीन. पहिली 'पीडी', ती सगळ्यांसाठी खुली आहे, आयफोन हीच बोलतो. दुसरी 'पीपीएस', म्हणजे पीडीचाच पुढचा प्रकार. यात व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी वर-खाली होतं. सॅमसंगच्या २५ आणि ४५ वॅटला ही लागतेच, नुसत्या पीडीवर त्याचा फोन पूर्ण वेग घेत नाही. तिसरी त्या त्या कंपनीची घरची बोली: वनप्लस-ओप्पोचं सुपरवूक, शाओमीचं हायपरचार्ज वगैरे. तुमचा ८० वॅटचा चार्जर बहुधा या तिसऱ्या घरातला आहे. आपल्या फोनशी तो ८० वॅट बोलतो, परक्याशी जेमतेम.

ठोकळ्यावरची बारीक छपाई वाचा (फोनच्या कॅमेऱ्यानं मोठी करून, डोळे फोडू नका). 'आउटपुट'च्या ओळीत ५, ९, १५, २० व्होल्ट असे आकडे असतील तर पीडी आहे. पुढे पीपीएस लिहून '३.३ ते ११ व्होल्ट' अशी मर्यादा दिली असेल तर पीपीएसही आहे. ५ व्होल्ट आणि त्यानंतर एकदम ११ व्होल्ट ७.३ अँपिअर असलं काही दिसलं तर ती घरची बोली.

४. मग घरात एकच चार्जर ठेवायचा तर कितीचा घेऊ?

फक्त फोनसाठी पीडी आणि पीपीएस दोन्ही असलेला ३० किंवा ४५ वॅटचा. लॅपटॉपही सी टाइपवर चालत असेल तर ६५ वॅटचा. दोन-तीन भोकांचा घेतलात तर बाजूचा तक्ता वाचा. ६५ वॅट हे एकच भोक वापरताना मिळतात, दोन्ही भरली की ४५ आणि २० अशी वाटणी होते. दुसरी पिन लावताच पहिल्या फोनचं चार्जिंग क्षणभर तुटून पुन्हा सुरू होतं. ती वाटणी नव्यानं होत असते, बिघाड नाही.

५. जास्त वॅटच्या चार्जरनं फोन खराब होईल का?

नाही. फोन मागेल तेवढंच जातं. फोनची बॅटरी उष्णतेनं झिजते. चार्जिंगला लावून उशीखाली ठेवणं आणि एप्रिलच्या उन्हात डॅशबोर्डवर सोडणं, या दोन सवयी वॅटच्या आकड्यापेक्षा जास्त महागात पडतात.

६. केबलमध्ये एवढा काय फरक असतो? दिसायला तर सगळ्या सारख्याच.

दोन गोष्टींचा: किती करंट नेते आणि डेटा किती वेगानं नेते. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटपर्यंतची. त्याहून जास्तीसाठी केबलच्या टोकात 'ई-मार्कर' नावाची चिप लागते, ती चार्जरला 'मी ५ अँपिअर पेलते' असं सांगते. ती नसेल तर चार्जर ३ वरच थांबतो. सॅमसंगचा ४५ वॅट न मिळण्याचं नेहमीचं कारण हेच, कारण तो कमी व्होल्टला ३ हून जास्त अँपिअर मागतो. चार्जर बरोबर घेतलेला असतो, केबल मात्र ड्रॉवरमधली असते.

डेटाचं म्हणाल तर आयफोन १५ प्रोची पिन सेकंदाला १० गिगाबिट नेऊ शकते, पण बॉक्समध्ये आलेली केबल ४८० मेगाबिटचीच आहे. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग वगैरे करून मोठ्या फायली काढणाऱ्यांनी वेगळी केबल घ्यावी. बाकीच्यांनी त्यावर पैसे घालवू नयेत.

७. फोन चार्ज होतो, पण लॅपटॉपला किंवा गाडीच्या स्क्रीनला जोडला की दिसत नाही.

आधी फोनवर वरून पडदा ओढून यूएसबीची सूचना उघडा. अँड्रॉइडमध्ये ते आपोआप 'फक्त चार्जिंग'वर असतं, ते 'फाइल ट्रान्सफर' करा. तरी दिसत नसेल तर केबल बदलून पाहा. ट्रिमर, पंखा, दिवा यांच्यासोबत येणाऱ्या कित्येक केबलमध्ये डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. गाडीसाठी मीटरभराच्या आतली चांगली केबल ठेवा. लांब आणि सैल केबलनं अँड्रॉइड ऑटो प्रत्येक खड्ड्याला तुटतं, आणि पुण्यात खड्ड्यांना तोटा नाही.

८. उलट प्रकार: सी-टू-सी केबलनं फोन भरतो, पण त्याच केबलनं ट्रिमर किंवा ब्लूटूथ स्पीकर भरत नाही. बिघडला का?

बिघडला नाही, बनवणाऱ्यानं काटकसर केली. सी टाइपच्या नियमाप्रमाणे वस्तूच्या आत ५.१ किलोओहमचे दोन बारीक रेझिस्टर लागतात. 'मला वीज हवी' हे चार्जरला त्यांच्यामुळे कळतं. स्वस्त वस्तूंत ते गाळलेले असतात. सी भोकाचा चार्जर अशा वस्तूला वीजच सोडत नाही. ए-टू-सी केबल मात्र चालते, कारण चौकोनी भोकात ५ व्होल्ट कायम असतात. म्हणून एक जुना चौकोनी भोकाचा ठोकळा घरात असू द्या.

९. पिन सैल बसते किंवा एकाच बाजूनं घातली तर चालते.

दुसरी केबल लावून पाहा. तीही सैल बसली तर भोकात खिशातली कापसाची लव दाबून बसली आहे. फोन बंद करा, लाकडी टूथपिकनं कडेकडेनं हलकेच उकरा. मधल्या पातळ पट्टीला धक्का लावू नका. सेफ्टी पिन, सुई, सिम काढायची पिन यातलं काही आत घालू नका, धातूनं संपर्क जोडले गेले की दुरुस्ती बोर्डापर्यंत जाते. एकाच बाजूनं चालणं हे मात्र झिजलेल्या किंवा वाकलेल्या संपर्काचं लक्षण. केबल बदलून गेलं तर दोष केबलचा, नाहीतर भोकाचा.

१०. पावसात भिजून आलो आणि चार्जिंगच्या पिनमध्ये पाणी असल्याचा इशारा येतोय. तांदळात ठेवू?

नको. तांदळाचे बारीक कण भोकात जातात आणि ॲपलनंही आपल्या सूचनांत तांदूळ वापरू नका असंच सांगितलं आहे. केबल काढा, भोक खाली करून तळहातावर हलके आपटा, पंख्याच्या साध्या वाऱ्यात अर्धा तास ठेवा, मग पुन्हा लावून पाहा. इशारा परत आला तर आणखी थांबा, पूर्ण सुकायला दिवसही लागू शकतो. ड्रायर लावू नका. घाई असेल तर मागची बाजू पुसून वायरलेस चार्जरवर ठेवा.

'आयपी६८ (पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा) आहे' यावर विसंबू नका. ती चाचणी स्वच्छ पाण्यातली आणि नव्या फोनवरची असते, आणि पाण्यानं झालेलं नुकसान नेहमीच्या वॉरंटीत धरत नाहीत.

११. नवा फोन दिसायला जुन्यासारखाच आहे. कव्हर बसेल का?

दिसण्यावर जाऊ नका. आयफोन १५ वरून १६ वर आलात तर मागचे दोन कॅमेरे तिरपे होते ते उभे झाले, आणि उजव्या कडेला कॅमेरा कंट्रोलचं नवं बटण आलं. १६ वरून १७ ला स्क्रीनच ६.१ ची ६.३ इंच झाली, म्हणजे काचही गेली. १७ प्रोमध्ये तर कॅमेऱ्याची पट्टी पाठभर आडवी आहे.

फर्ग्युसन रस्त्याच्या टोकाला हाँगकाँग लेनमध्ये फोन बाजारात येण्याच्या सुमारासच त्याची कव्हरं टांगलेली दिसतात. फोन हातात येण्याआधी बनलेली कव्हरं अंदाजी मापांवर बेतलेली असू शकतात. घेताना स्वतःचा फोन घालूनच पाहा: बटणं कडक होत नाहीत ना, फ्लॅशच्या कडेला कव्हरची सावली पडत नाही ना (अंधारात एक फोटो काढा), खालचं माइकचं छिद्र मोकळं आहे ना, आणि सी टाइपची जागा जाड पिन जाईल इतकी रुंद आहे ना. शेवटची गोष्ट सगळे विसरतात आणि रात्री चार्जिंगला लावताना आठवते. कॅमेरा कंट्रोलवर नुसतं जाड रबर आलं असेल तर बटण दाबता येतं, पण बोट सरकवून झूम होत नाही.

पारदर्शक कव्हर पिवळं पडणं हा मऊ टीपीयू प्लास्टिकचा स्वभाव आहे, ते ऊन आणि घामानं होतं. धुऊन जात नाही. नको असेल तर पाठ कडक पॉलिकार्बोनेटची असलेलं घ्या.

१२. '९एच', '११डी', 'यूव्ही' यातली कुठली काच लावू?

'डी'चा आकडा जाहिरातीपुरता, त्याचं कुठलंही माप नाही. '९एच' पेन्सिलीच्या कडकपणाच्या चाचणीवरून आलं आहे. तेवढ्यानं चाव्यांचे ओरखडे थांबतात, वाळूचे थांबत नाहीत.

सपाट स्क्रीनला साधी ०.३३ मिलिमीटरची काच पुरते. वाकलेल्या कडांच्या स्क्रीनला पातळ गोंद ओतून यूव्ही दिव्यानं सुकवायची काच लावतात. इथे जपा. गोंद जास्त झाला तर कानाच्या स्पीकरच्या जाळीत आणि बटणांच्या फटीत उतरतो आणि तिथेच कडक होतो. जाळी आणि फटी टेपनं बंद केल्याशिवाय लावू देऊ नका. स्क्रीनखाली बोटाचा ठसा घेणारा भाग अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींवर चालणारा) असेल तर काच त्यासाठीच बनवलेली हवी. कुठलीही काच लावल्यावर जुने ठसे पुसून नव्यानं नोंदवा, 'काच लावल्यापासून ठसा घेत नाही' ही अर्धी तक्रार तिथेच मिटते.

१३. घडीच्या फोनला काच लावता येईल?

आतल्या स्क्रीनला अजिबात नाही. तिच्यावरची फिल्म काढूही नका. बाहेरच्या छोट्या स्क्रीनला चालते.

१४. मॅगसेफ, क्यूआय२, 'मॅग्नेटिक' कव्हर: नक्की काय घ्यायचं?

मॅगसेफ हे ॲपलचं, चुंबकानं फोनच्या पाठीला चिकटणारं वायरलेस चार्जिंग, २०२० मधलं. त्याचीच चुंबकाची पद्धत पुढे सर्वांसाठी खुली झाली, ती क्यूआय२. सुरुवातीचं क्यूआय२ १५ वॅटचं आहे. तुमच्या फोनच्या पाठीत चुंबक आहेत का, हे आधी पाहा. आयफोन १२ पासूनच्या मुख्य मालिकेत आहेत, गूगलच्या पिक्सेल १० मध्ये आहेत. सॅमसंगच्या एस२५ मध्ये नाहीत, तिथे चुंबकाचं कव्हर लागतं. आणि चुंबक असलेल्या फोनवर जाड साधं कव्हर चढवलं तर पकड आणि वेग दोन्ही जातात.

गाडीच्या स्टँडसाठी पाठीला चिकटवायची लोखंडी चकती ही वेगळीच वस्तू. ती लावून वायरलेस चार्जिंग करू नका, चकती तापते.

१५. कव्हरमध्ये मागे मेट्रोचं कार्ड ठेवतो. चालेल ना?

वायरलेस चार्जरवर ठेवताना काढा. वन पुणे कार्ड, बँकेचं कार्ड, ऑफिसचं दाराचं कार्ड यांच्यातली चिप किंवा पट्टी फोन आणि चार्जरच्या मध्ये आल्यानं खराब होऊ शकते.

१६. ॲक्टिव्हाच्या हँडलला फोन लावतो. नव्या फोनचा कॅमेरा थरथरायला लागला. स्टँडमुळे?

शक्य आहे. ॲपलनं सप्टेंबर २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की मोटरसायकलच्या इंजिनाची जोरदार कंपनं हँडलमधून थेट फोनमध्ये गेली तर कॅमेऱ्यातला हाताची थरथर सावरणारा भाग आणि ऑटोफोकस बिघडू शकतो. हे इतर कंपन्यांच्या महागड्या फोनलाही लागू, कारण त्यांच्या कॅमेऱ्यातही भिंग तसंच तरंगतं. लहान इंजिनाच्या स्कूटरसाठी त्यांनी कंपनं शोषणारा स्टँड सुचवला आणि रोज लांबवर असं नेऊ नका असंही सांगितलं. सर्वात स्वस्त उपाय असा: रस्ता दाखवायला जुना फोन हँडलला लावा, नव्याचा हॉटस्पॉट चालू करून तो खिशात ठेवा.

१७. वायरचे जुने हेडफोन आहेत. कन्व्हर्टर घेतला तर त्यातून आवाजच येत नाही.

सी टाइप ते ३.५ मिलिमीटर कन्व्हर्टर दोन जातींचे असतात. एकात नुसत्या तारा, दुसऱ्यात आवाज तयार करणारी 'डॅक' चिप. नुसत्या तारांचा मोजक्याच फोनवर चालतो. आयफोन १५ पासून पुढे आणि सॅमसंगच्या वरच्या फोनना डॅकवालाच लागतो. पाकिटावर डॅक लिहिलेलं बघा. माइकही हवा असेल तर हेडफोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा आहेत का मोजा, दोन असतील तर त्यात माइक नाही.

१८. पॉवर बँक २०,००० एमएएचची, फोन ५,००० चा. मग चारऐवजी तीनदाच का भरतो?

फसवणूक नाही, गणित आहे. २०,००० हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या बॅटरीचा, म्हणजे ७४ वॅट-तास. बाहेर देताना व्होल्टेज वाढवण्यात आणि उष्णतेत पाचवा हिस्सा तरी जातो, उरले साठाच्या आत. ५,००० चा फोन साधारण १९ वॅट-तास घेतो. भागून पाहा. पॉवर बँकवर बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून लहान आकडा असतो, खरा तो.

लोहगावहून विमानानं जाताना ती हातातल्या बॅगेत हवी, चेक-इनमध्ये चालत नाही. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, म्हणजे २०,००० ची बसते.

१९. नवा फोन पहिल्या दिवसापासून तापतो. परत करू?

दोन-तीन दिवस थांबा. जुना डेटा उतरवणं, फोटोंची छाननी, ॲपची भर हे सगळं मागे चालू असतं. २०२३ मध्ये आयफोन १५ प्रो तापण्याच्या तक्रारी जगभर झाल्या होत्या. ॲपलनं ऑक्टोबरात १७.०.३ ही सुधारणा देऊन त्या बऱ्याच आटोक्यात आणल्या. म्हणून आधी अपडेट करा, कव्हर काढून चार्ज करा. पण परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते पहिल्याच दिवशी बिलावर बघून ठेवा. थांबण्याच्या नादात ती उलटते.

२०. तपकीर गल्लीत 'ओरिजिनल' चार्जर निम्म्या किमतीत मिळतो. खरा कसा ओळखू?

त्या गल्लीत चांगला माल मिळतो आणि 'फर्स्ट कॉपी'ही मिळते, बऱ्याचदा शेजारशेजारच्या दुकानांत. भारतात विकायच्या मोबाइल चार्जरला आणि पॉवर बँकेला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे. ठोकळ्यावर मानक ब्यूरोच्या चिन्हाखाली 'आर'ने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो तिथेच उभ्याउभ्या टाका. कंपनीचं नाव आणि वस्तू जुळली पाहिजे. क्रमांक भलत्याच कंपनीचा किंवा एलईडी दिव्याचा निघाला तर ठोकळा परत ठेवा. हातात विलक्षण हलका लागणं हाही इशाराच. आणि पक्कं बिल घ्या, त्याशिवाय पुढचं उत्तर कामाचं नाही.

२१. दुकानदार म्हणतो कव्हर आणि काच इथूनच घेतली तर नवा फोन मिळेल. शिवाय पाटी: 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'.

नव्या मॉडेलचा तुटवडा असला की पहिला प्रकार हमखास होतो. एक वस्तू हवी तर दुसरी घ्याच, अशी अट घालणं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे निर्बंधक व्यापारी प्रथा ठरते. पाटीबद्दल: सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही याच कायद्यानं अनुचित प्रथा आहे. बिल न देणंही. पुण्यातल्या पाट्यांचा दरारा मोठा असला तरी त्या कायद्याच्या वर नाहीत. मात्र वस्तू सदोष हवी. रंग आवडला नाही, घरच्यांनी नाकं मुरडली, ही कारणं यात बसत नाहीत.

दुकानात मिटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. बिल, बॉक्सचा फोटो आणि दोष दिसेल असा व्हिडिओ तयार ठेवा.

२२. जुन्या केबल, बंद चार्जर आणि एक फुगलेली पॉवर बँक आहे. कुठे टाकू?

ओल्या-सुक्या कचऱ्यात नको. केबल आणि चार्जर ई-कचऱ्यात जातात. तुमच्याकडे 'स्वच्छ'चे कचरावेचक येत असतील तर त्यांना विचारा, त्यांच्यामार्फत ई-कचऱ्याचं वेगळं संकलनही होतं. फुगलेल्या पॉवर बँकेची गोष्ट वेगळी. ती चार्ज करू नका, टोचू नका, दाबून सपाट करू नका. दोन्ही भोकांवर टेप लावा, कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, डबा गॅलरीत सावलीत ठेवा. ई-कचऱ्यात देताना 'ही फुगलेली आहे' असं तोंडानं सांगून हातात द्या, इतर केबलच्या पिशवीत घालून नको.